काटा, प्रिंटर, प्रोजेक्टर आणि एक वापरलेला डेस्कटॉप

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत यांच्या कार्यालयासाठी संगणक घ्यायचा ठरला की प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि भाव काय, एवढीच चौकशी सहसा होते. आमच्या कंपनीसाठी आम्ही हिंगणघाटच्या एका दुकानातून छोट्या पेटीचा एक डेस्कटॉप घेतला. मोठ्या कार्यालयांतून उतरवलेली आणि साफसफाई व तपासणी करून पुन्हा विक्रीस ठेवलेली जी यंत्रे असतात, त्यांपैकी तो एक आहे. सोयाबीन आणि तूर यांचा एक हंगाम त्याच्यावर काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, खेड्यातल्या कार्यालयाने संगणकाची पाहणी त्याच्या मागच्या बाजूपासून सुरू करावी. शहरातल्या कार्यालयात संगणक, पडदा आणि प्रिंटर एकाच वेळी नवे येतात. आमच्याकडे गोदामातला काटा एका काळातला, पावत्यांचा प्रिंटर दुसऱ्या काळातला, सभेपुरता शाळेतून आणलेला प्रोजेक्टर तिसऱ्याच काळातला आणि सभासदांच्या हातातले मोबाइल मात्र अगदी आजचे असतात. या सगळ्यांना एकाच यंत्राशी बोलायचे असते आणि ते बोलणे कोणत्या पोर्टातून, म्हणजे केबल लावण्याच्या कोणत्या खाचेतून, होणार यावर त्या यंत्राची खरी किंमत ठरते.

यंत्राची ओळख थोडक्यात अशी. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि पडदा वगळून सोळा हजार रुपयांच्या आसपास किंमत. याहून जुन्या पिढीची यंत्रे बाजारात बऱ्याच कमी भावात मिळतात. परंतु विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा-अद्यतनांचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, म्हणून त्याखाली जाऊ नये. आता मागची बाजू. तिथे कीबोर्ड आणि माउस यांचे गोल पीएस-टू पोर्ट दोन, नऊ पिनांचा सिरियल पोर्ट एक, व्हीजीए एक, डिस्प्लेपोर्ट दोन, यूएसबी सहा (चार निळे, दोन काळे), लॅन केबलचा एक आणि आवाजाची दोन छिद्रे आहेत. पुढच्या बाजूस यूएसबी चार आणि हेडफोनचे एक छिद्र आहे. एचडीएमआय नाही, टाइप-सी नाही, वायफायही नाही.

भाव सांगण्याआधी दुकानदाराने विचारले होते, "भाऊ, काटा कोनता हाय तुमच्याकडं? त्याची वायर स्क्रूवाली हाय का यूएसबीची?" हा प्रश्न विचारणारा दुकानदार मिळणे हे मी या खरेदीतले मोठे भाग्य मानतो, कारण त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्याने मांडणीवरची दोन चकचकीत यंत्रे बाजूला सारली आणि हे पुढे केले.

सिरियल पोर्टाबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण नव्या संगणकांवरून तो जवळजवळ नाहीसा झाला असला तरी धान्य तोलणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी आजही संबंध येतो. आरएस-२३२ हे त्याचे मानक १९६० सालचे आहे. त्यात माहिती एका तारेवरून एकामागोमाग एक बिट अशी जाते आणि आजच्या हिशेबाने तिचा वेग अगदी कमी असतो. काट्याच्या डिस्प्लेवर बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, ९६०० ठेवला, तर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात. मात्र एका कट्ट्याचे वजन म्हणजे पाच-सात अक्षरे. तेवढ्यासाठी हा वेग पुरून उरतो आणि साधेपणामुळे तो बिघडतही नाही. काटा संगणकाला जोडण्यासाठी प्रत्यक्षात तीनच तारा लागतात. संगणकाच्या बाजूने दुसरी पिन माहिती घेते, तिसरी पाठवते आणि पाचवी दोघांची समाईक जमीन असते. काही काट्यांना सरळ केबल लागते, काहींना दुसरी आणि तिसरी तार उलटसुलट केलेली. केबल बसते, स्क्रू आवळले जातात आणि तरीही पडद्यावर आकडा येत नाही, तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच असते. उरलेल्या निम्म्या वेळा काट्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये बॉड रेट वेगवेगळा ठेवलेला असतो. हे दोन्ही तपासून घेतल्याशिवाय काटा दुरुस्तीला पाठवू नये.

सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा एक छोटा अडॅप्टर मिळतो, मग जुन्या पोर्टासाठी एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. आग्रहाची कारणे आहेत. यंत्राच्या अंगचा सिरियल पोर्ट कायम कॉम-१ या नावानेच ओळखला जातो, तर अडॅप्टर एका यूएसबीतून काढून दुसऱ्यात लावला की विंडोज त्याला बऱ्याचदा नवा क्रमांक देते आणि वजनपावतीचे सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकाकडे वाट पाहत बसते. बाहेर तुरीच्या गाड्या रांगेत उभ्या असताना हा घोळ परवडत नाही. नकली चिपचे स्वस्त अडॅप्टर नव्या ड्रायव्हरसमोर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर) अचानक काम करेनासे होतात, हे वेगळेच. तिसरे कारण अंतराचे आहे. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा ५ मीटर मानली जाते, तर सिरियल केबल साधारण १५ मीटरपर्यंत विश्वासाने चालते. आमचा काटा गोदामात आणि संगणक भिंतीपलीकडच्या खोलीत असल्याने हा फरक आमच्यासाठी निर्णायक ठरला.

एक सावधगिरी मात्र या पोर्टाला लागते. काट्याची वीज एका जोडणीवरून आणि संगणकाची दुसऱ्या जोडणीवरून येत असेल आणि दोन्हींचे अर्थिंग वेगळे किंवा नावापुरतेच असेल, तर पाचव्या पिनेच्या तारेतून दोन यंत्रांमधला विजेचा फरक वाहू लागतो आणि पोर्ट जळू शकतो. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येत असतील, तर ती याच धोक्याची खूण समजावी आणि काटा जोडण्याआधी वीजतंत्र्याला बोलावून अर्थिंगचा खड्डा पाहून घ्यावा. दोन इमारतींमध्ये केबल न्यायची असेल तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर लावणे उत्तम; त्यात संकेत प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि तांब्याचा थेट संबंध उरत नाही.

पावत्यांचा प्रिंटर हा कार्बन लावून एकाच वेळी तीन प्रती काढणारा डॉट मॅट्रिक्स आहे. अशा जुन्या प्रिंटरांना मागे ३६ पिनांचा रुंद पॅरलल पोर्ट असतो आणि संगणकाच्या बाजूने त्याला २५ पिनांचा पोर्ट लागतो, जो या यंत्रावर नाही. सुदैवाने आमच्या प्रिंटरला त्याच्याशेजारीच चौकोनी यूएसबी-बी पोर्टही आहे आणि त्यावर काम सुरळीत चालते. ज्यांच्या प्रिंटरला फक्त पॅरलल पोर्ट आहे, त्यांच्यासाठी यूएसबी ते पॅरलल केबल मिळते आणि साध्या छपाईपुरती ती पुरते.

यूएसबीकडे वळण्याआधी एवढे सांगितले पाहिजे की, १९९६ च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती आली, तेव्हा प्रत्येक उपकरणासाठी वेगळा पोर्ट, वेगळी केबल आणि पुष्कळदा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची कटकट होती. ती संपवणाऱ्या इंटेलमधील चमूत पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते आहेत, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. पहिल्या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटवर नेला आणि २००८ च्या यूएसबी ३.० ने ५ गिगाबिटवर. या यंत्रावरचे काळे पोर्ट दुसऱ्या आवृत्तीचे आणि निळे तिसऱ्या आवृत्तीचे आहेत. रंगाचा हा संकेत सर्वच कंपन्या पाळतात असे नाही, म्हणून पोर्टाशेजारी 'एसएस' अशी अक्षरे कोरलेली आहेत का तेही पाहावे. खोक्यावरच्या नावावर तर मुळीच विसंबू नये. पूर्वीच्या ३.० लाच पुढे ३.१ जेन १ आणि नंतर ३.२ जेन १ अशी नावे देण्यात आली, वेग मात्र तोच ५ गिगाबिटचा राहिला. '३.२' हा आकडा दाखवून कोणी जास्तीचे पैसे मागितले, तर वेग किती गिगाबिटचा आहे एवढे एकच विचारावे.

काळ्या आणि निळ्या पोर्टांतला फरक आमच्या कामात स्पष्ट दिसतो. सभासदांची कागदपत्रे, सातबारा उतारे आणि हिशेब यांची प्रत आम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर नियमाने ठेवतो. साठ जीबीचा हा साठा काळ्या पोर्टातून जायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो आणि निळ्यातून दहा मिनिटांच्या आत-बाहेर; त्यापुढे वेग वाढत नाही, कारण तिथे पोर्ट नव्हे तर फिरणारी तबकडीच मागे पडते. विजेचाही फरक आहे. काळा पोर्ट ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर देतो, निळा ०.९ अँपिअर. हार्ड डिस्क सुरू होताना टकटक आवाज करून बंद पडत असेल, तर ती डिस्क खराब झाली असे गृहीत न धरता आधी लांब वाढीव केबल काढून ती थेट मागच्या निळ्या पोर्टात लावून पाहावी. एका पोर्टावर चार तोंडांचा हब लावला की वीज वाढत नाही, ती चौघांत वाटली जाते. म्हणून हार्ड डिस्कसाठी हब घ्यायचाच असेल तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला घ्यावा.

अंगठ्याचे यंत्र, बारकोड वाचणारे यंत्र आणि कीबोर्ड यांना मात्र निळ्या पोर्टाचा काहीही लाभ नाही. उलट वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर निळ्या पोर्टाच्या अगदी शेजारी लावला, तर माउस अडखळतो. ५ गिगाबिटच्या संकेतातून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यात काम करतो. इंटेलनेच २०१२ साली यावर एक टिपण प्रसिद्ध केले होते. आम्ही रिसीव्हर पुढच्या काळ्या पोर्टात लावला आणि हार्ड डिस्क मागे ठेवली, तेव्हापासून माउस सरळ चालतो. माउसचे सेल बदलत बसण्याआधी ही अदलाबदल करून पाहणे फुकटचे आहे.

पुढच्या बाजूच्या यूएसबी पोर्टांबद्दल एक तक्रार नोंदवतो. वापरलेल्या यंत्रात याच पोर्टांची झीज सर्वांत जास्त झालेली असते, कारण पेन ड्राइव्हची सारी काढघाल तिथेच होते. नेहमीच्या चपट्या यूएसबी-ए पोर्टाची रचना मानकाप्रमाणे १,५०० वेळा घालण्या-काढण्यासाठी केलेली असते. आमच्या यंत्राच्या पुढच्या पोर्टांपैकी एक सैल आहे आणि पेन ड्राइव्ह जरा हलला तरी संबंध तुटतो. दुकानातच प्रत्येक पोर्टात पेन ड्राइव्ह लावून, हलकेच हलवून, एखादी मोठी फाइल त्यावर उतरवून पाहावी. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही, आणि घेत असेल तर तिथून खरेदी करू नये.

कीबोर्ड आणि माउस यांच्या गोल पोर्टांचे कौतुक करण्याचे कारण एवढेच की, जुना जांभळ्या टोकाचा कीबोर्ड तिथे लावला की एक यूएसबी मोकळा राहतो. कीबोर्ड जांभळ्यात आणि माउस हिरव्यात, आणि दोन्ही यंत्र बंद असतानाच लावावेत; चालू यंत्रात ते काढ-घाल करण्यासाठी हा पोर्ट बनवलेलाच नाही. हा पोर्ट आणि व्हीजीए हे दोघेही आयबीएमच्या १९८७ सालच्या एकाच यंत्रमालिकेतून आले. दोघेही २०१८ नंतर बनलेल्या या पेटीवर शेजारी-शेजारी आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते.

व्हीजीएची आम्हाला गरज का पडते, ते कंपनीच्या वार्षिक सभेला येणाऱ्या कोणालाही कळेल. ताळेबंद भिंतीवर दाखवण्यासाठी जिल्हा परिषद शाळेचा प्रोजेक्टर येतो आणि त्याला निळ्या रंगाच्या, तीन ओळींत १५ पिना असलेल्या व्हीजीए केबलशिवाय दुसरे काही ठाऊक नाही. इंटेल, एएमडी, डेल, लिनोव्हो यांच्यासह सॅमसंग आणि एलजी यांनी २०१० च्या डिसेंबरातच जाहीर केले होते की २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचा. कंपन्यांनी निरोप दिला, पण आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या कपाटांतले प्रोजेक्टर अजून चांगले चालतात आणि चालणारी वस्तू फेकणे आम्हाला पटत नाही. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन स्वतंत्र तारांवरून जातात. म्हणून भिंतीवरचे चित्र पिवळट दिसू लागले तर निळ्याची, जांभळट-गुलाबी दिसले तर हिरव्याची आणि निळसर-हिरवट दिसले तर लाल रंगाची पिन वाकली किंवा तार तुटली आहे, हे प्रोजेक्टर न उघडताच सांगता येते. केबल काढताना दोन्ही स्क्रू पूर्ण सैल करावेत आणि प्लग सरळ ओढावा, कारण वाकडा ओढल्यानेच पिना वाकतात. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यामुळे स्पीकरसाठी आवाजाच्या हिरव्या छिद्रातून वेगळी केबल न्यावी लागते.

गावातल्या सभागृहात आता मोठा टीव्ही बसला आहे आणि त्याला एचडीएमआय हवे. या यंत्रावर एचडीएमआय नसणे ही त्याची सर्वांत ठळक उणीव, तरी ती भरून काढता येणारी आहे. एचडीएमआय हे टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांनी २००२ च्या अखेरीस आणलेले, १९ पिनांचे आणि परवाना शुल्क असलेले मानक आहे, तर २० पिनांचा डिस्प्लेपोर्ट हा व्हेसा या संस्थेने २००६ मध्ये संगणकाचे पडदे डोळ्यासमोर ठेवून आणला; म्हणूनच कार्यालयांतून उतरलेल्या यंत्रांवर डिस्प्लेपोर्ट भरपूर दिसतात आणि टीव्हीवर सहसा दिसत नाहीत. डिस्प्लेपोर्टावर 'डी' आणि 'पी' या अक्षरांशेजारी दोन अधिक चिन्हे असतील, तर तो गरजेप्रमाणे एचडीएमआयचा संकेतही देऊ शकतो आणि साधा, स्वस्त अडॅप्टर पुरतो. आमच्या यंत्रावर तसे आहे आणि टीव्हीवर चित्राबरोबर आवाजही येतो. हा अडॅप्टर एकाच दिशेने चालतो, एचडीएमआयच्या संगणकावरून डिस्प्लेपोर्टच्या पडद्याकडे जाण्यासाठी त्याचा उपयोग नाही. तसेच ज्या यंत्रावर फक्त एचडीएमआय आहे, त्याला व्हीजीए प्रोजेक्टर जोडण्यासाठी निव्वळ तारांची केबल कधीच चालत नाही. एचडीएमआयचा संकेत अंकीय असतो, व्हीजीएचा तसा नसतो, आणि मध्ये त्याचे रूपांतर करणारी चिप असावीच लागते. बाजारात दोन टोकांना दोन प्लग बसवलेल्या, आत चिप नसलेल्या केबल या कामासाठी विकल्या जातात, त्या घेऊ नयेत. डिस्प्लेपोर्टची केबल काढताना प्लगवरची कळ दाबायची असते. ती न दाबता ओढल्यास प्लगचे अडकलेले हूक पोर्टालाच घेऊन बाहेर येतात.

यंत्रात वायफाय नाही, याचे मला वाईट वाटत नाही. भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीत पोहोचली आहे आणि तिथून आमच्या खोलीपर्यंतचे अंतर लॅन केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत सहज बसते. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटसाठी दोन पुरतात, गिगाबिटसाठी चारही लागतात. केबल टाकणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी दोनच जोड्या प्लगमध्ये दाबल्या असतील, तर पोर्ट गिगाबिटचा असूनही वेग १०० वर अडतो आणि दोष मात्र संगणकाला दिला जातो. विंडोजमध्ये जोडणीचा वेग पाहिला की हे लगेच उघड होते.

तांब्याच्या या केबलचा दुसरा स्वभाव मात्र प्रत्येकाने ओळखून असला पाहिजे. रोहिणी-मृगाच्या वादळांत आपल्या भागात विजा फार पडतात. फायबरमधून ती वीज येत नाही, पण फायबर जिथे संपते तिथून पुढची लॅन केबल उघड्यावरून, छपरावरून आलेली असेल तर ती येऊ शकते आणि नेटवर्क पोर्टाबरोबर मदरबोर्डही घेऊन जाते. फक्त विजेचा प्लग काढून यंत्र सुरक्षित झाले असे समजू नये. ढग गडगडू लागले की लॅन केबल आणि काट्याची सिरियल केबल या दोन्ही काढून ठेवाव्यात. आमच्याकडे हा नियम भिंतीवर लिहून लावला आहे आणि हमालांपासून संचालकांपर्यंत सगळे तो पाळतात.

रिकाम्या पोर्टांचेही थोडे लिहितो. गोदामाला लागून असलेल्या खोलीत तुरीचा भुसा आणि कापसाचे तंतू हवेतच असतात, ते पोर्टांत जाऊन बसतात आणि दमट दिवसांत पिनांवर गंज धरतो. कुंभारीण माशी तर भिंतीचे भोक समजून उघड्या यूएसबी किंवा लॅन पोर्टात माती भरते. अशी माती सुईने उकरू नये. यंत्र बंद करून, ती पूर्ण कोरडी झाल्यावर मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने काढावी. रबरी टोपणांचा संच अगदी थोड्या पैशांत मिळतो आणि न वापरातल्या प्रत्येक पोर्टावर तो बसवावा.

उरला टाइप-सी, जो या यंत्रावर नाही. २०१४ साली आलेला, २४ पिनांचा आणि दोन्ही बाजूंनी बसणारा हा पोर्ट १०,००० वेळा काढ-घाल सहन करण्यासाठी बनवलेला आहे. मोबाइल जोडण्यासाठी एका टोकाला यूएसबी-ए आणि दुसऱ्याला टाइप-सी असलेली केबल पुरते, त्यामुळे रोजचे आमचे काम अडत नाही. तरीही मोबाइल चार्ज होतो पण त्यातले फोटो संगणकावर दिसत नाहीत, अशी तक्रार घेऊन सभासद वारंवार येतात. त्यांच्या केबलमध्ये बहुधा विजेच्याच दोन तारा असतात, माहितीच्या नसतात. टाइप-सी असलेले यंत्र किंवा लॅपटॉप घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की या आकाराच्या पोर्टातून काय काय जाते, ते त्याच्या आकारावरून कळत नाही. एकातून फक्त चार्जिंग आणि यूएसबी २.० एवढेच मिळते, दुसऱ्यातून पडद्याचा संकेतही जातो, तिसऱ्यावर बाणासारख्या विजेच्या चिन्हासह थंडरबोल्ट ही अधिक वेगवान जोडणी असते. आमच्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या तरुण कृषी सहायकाच्या लॅपटॉपवर केवळ दोन टाइप-सी पोर्ट आहेत आणि व्हीजीए, लॅन व यूएसबी-ए असलेला हब त्यांना सतत सोबत बाळगावा लागतो.

कोणी हे यंत्र घेऊ नये, तेही सांगतो. ज्यांचे काम मुख्यतः व्हिडिओ संपादनाचे आहे, ज्यांना वीज गेल्यावरही काम चालू ठेवायचे आहे आणि इन्व्हर्टर नाही, किंवा ज्यांच्याकडे काटा, जुना प्रिंटर, प्रोजेक्टर यांपैकी काहीच नाही, त्यांनी नवा लॅपटॉप घेणे अधिक योग्य. उत्पादक कंपनी, दूध संकलन केंद्र, जिनिंगचा काटा किंवा सहकारी सोसायटी यांच्यासाठी मात्र मी हे यंत्र निःसंकोच सुचवीन. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राची दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना सुरू झाल्यापासून आमच्यासारखी कार्यालये गावोगावी उभी राहत आहेत आणि त्यांच्या तुटपुंज्या भांडवलातला प्रत्येक रुपया जपून खर्च व्हावा, अशी माझी कळकळ आहे.

टाइप-सीची उणीव पुढे भरून काढण्याची सोयही या पेटीत आहे. आत पीसीआय एक्स्प्रेसची रिकामी जागा असून त्यात टाइप-सी, जादा यूएसबी किंवा जादा सिरियल पोर्ट देणारे कार्ड बसते. पॅरलल पोर्टाचे कार्डही मिळते आणि ज्यांचा प्रिंटर फार जुना आहे त्यांना ते यूएसबी केबलपेक्षा अधिक भरवशाचे ठरेल. कार्ड मागवताना मात्र अर्ध्या उंचीची धातूची पट्टी त्यासोबत येते का, हे दुकानदाराकडून आधी विचारून घ्यावे, कारण पूर्ण उंचीच्या पट्टीचे कार्ड या छोट्या पेटीत बसत नाही.